कार्टर कुटुंब, लिबा कॉटन, जॉन प्राइन आणि मंडळी: अमेरिकन मातीतली गाणी ऐकणाऱ्यांसाठी धागा

खर्जातला_गंधार

जॅझचा धागा आहे, ब्लूजचा आहे, पिंक फ्लॉइडवर तर दर पावसाळ्यात नवा उगवतो. पण डोंगरातली, कापसाच्या शेतातली, कोळशाच्या खाणीजवळची जी अमेरिकन गाणी आहेत ना, म्हणजे फिडल, बॅन्जो, अकूस्टिक गिटार आणि दोनतीन साधे आवाज, त्यावर शोधून काहीच सापडलं नाही म्हणून हा प्रपंच. हल्ली याला अमेरिकाना किंवा रूट्स म्हणतात, २०१० पासून ग्रॅमीत वेगळा विभाग पण आहे (पहिलं बक्षीस लेव्हन हेल्मला), पण मला बक्षिसांवर बोलायचं नाहीये, अंगठ्यावर बोलायचंय. सांगतो.

ऑगस्ट १९२७. ब्रिस्टल नावाचं गाव, मुख्य रस्त्याच्या एका बाजूला टेनेसी आणि दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पिअर तिथे टोप्यांच्या कंपनीच्या रिकाम्या इमारतीत मशीन लावून बसलाय आणि आजूबाजूच्या डोंगरातून गाणारी माणसं येतायत. त्यात ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावाची बायको मेबेल. सारा आणि मेबेल नात्यातल्या बहिणी आणि वर जावा-जावा. साराचं तान्हं मूल बरोबर, मेबेल १८ वर्षांची आणि पोटुशी, सातवा महिना. दोन दिवसांत सहा गाणी रेकॉर्ड केली, साराचा तो कोरडा, न रडणारा आवाज आणि तिचा ऑटोहार्प, आणि शेजारी मेबेलची गिटार.

आता ही गिटार नीट ऐका. त्या काळात गिटार म्हणजे मागे ठेका धरायचं वाद्य, पुढे फिडल नाहीतर बॅन्जो. मेबेलने काय केलं, अंगठ्याने जाड तारांवर गाण्याची चाल वाजवली आणि त्याच वेळी बोटांनी बारीक तारा झाडून ठेका पण धरला. म्हणजे एकच बाई, एकच गिटार, आणि ऐकणाऱ्याला वाटतं दोघं वाजवतायत. कार्टर स्क्रॅच म्हणतात त्याला. १९२८ चं 'वाइल्डवूड फ्लॉवर' लावा, हेडफोन घालून, आणि पहिल्या वेळी शब्दांकडे अजिबात लक्ष देऊ नका. अमेरिकेत कंट्री किंवा फोक गिटार शिकणारा पोरगा आजही पहिल्या काही महिन्यांत याच गाण्याशी झटतो. पैसे आल्यावर तिने २७५ डॉलरची गिब्सन एल-५ घेतली, १९२८ साली, विचार करा, आणि तीच पुढे आयुष्यभर वाजवली.

अजून खूप आहे पण आधी बघतो कोणाला इंटरेस्ट आहे का.

संत्राबर्फी

आहे आहे, लिहा! मला यातलं जॉन प्राइन सोडून काही माहीत नाही, पण प्राइनवर मी रात्रभर बोलू शकते.

वाकडा_पाय

ऐकलंय थोडंफार. सगळ्या गाण्यांत तीच आगगाडी, तीच मेलेली प्रेयसी, तेच तीन कॉर्ड. आणि नाकातून गाणं. एक ऐकलं की सगळी ऐकली. असो, चालू द्या.

टिकटिक_पोपट

@वाकडा_पाय, आगगाडीचं म्हणताय तर डीफोर्ड बेलीचं 'पॅन अमेरिकन ब्लूज' ऐका, त्यात तर कॉर्डही नाहीत, नुसती तोंडाने वाजवायची पेटी, हार्मोनिका हो. पॅन अमेरिकन नावाची खरी गाडी होती, ती स्टेशनातून सुटते, वेग घेते, शिट्टी देते, सगळं एका माणसाच्या श्वासावर. हा काळा माणूस नॅशव्हिलच्या रेडिओवरचा स्टार होता, इतका की १९२७ मध्ये त्याची गाडी वाजून संपली आणि निवेदकाने त्या कार्यक्रमाला पहिल्यांदा 'ग्रँड ओल ऑप्री' म्हटलं, ते नाव आजपर्यंत चालू आहे. आणि १९४१ मध्ये त्यालाच तिथून काढून टाकला. नंतरची वर्षं बूटपॉलिशचं दुकान चालवून काढली त्याने. कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतला २००५ साली, तो १९८२ मध्येच गेला होता.

मी इकडे नॉर्थ कॅरोलिनात असतो, कॅरीत. आमच्याकडे मराठी माणूस रग्गड, गणपती दणक्यात, पण शेजारच्या रॅली शहरात २०१३ पासून २०२४ पर्यंत दर वर्षी शरदात ब्लूग्रासचा (बॅन्जो-फिडलवरचं वेगवान डोंगरी संगीत) मोठा मेळा भरायचा, रस्त्यावरचा भाग चक्क फुकट, तिथे आपली डोकी फार दिसायची नाहीत. आता तो टेनेसीत चॅटानूगाला गेला. गर्दीत खरी मजा स्टेजसमोर नाही, हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये. रात्री उशिरा अनोळखी लोकं गोल करून उभी राहतात, कोणीतरी सूर सांगतो, आणि सुरू. प्रत्येकाला एक एक फेरी मिळते, चुकलं तरी कोणी थांबत नाही. दहा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांचे आजोबा एकाच गोलात.

गंधारदादा, अंगठ्यावर बोलताय तर लिबा कॉटन राहिली ना! ती आमच्या इथली. कॅरबरो गावात तिच्या नावाचा सायकलरस्ता आहे, रूळांना लागूनच जातो.

खर्जातला_गंधार

तिच्याकडेच येत होतो, बरं झालं आठवण केलीत.

लिबा, म्हणजे एलिझाबेथ कॉटन, डावखुरी. लहानपणी भावाचा बॅन्जो चोरून वाजवायची, तो उजव्या हाताचा, तारा बदलायची सोय नाही, म्हणून उलटा धरून शिकली. पुढे लोकांकडे घरकाम करून महिन्याला एक डॉलर असे साठवून पावणेचार डॉलरची गिटार घेतली आणि ती पण तशीच उलटी. म्हणजे जाड तारा खाली, बारीक तारा वर. आता गंमत बघा, त्यामुळे तिची बोटं खर्ज वाजवतात आणि अंगठा चाल वाजवतो. मेबेलचा पण अंगठाच चाल वाजवतो, पण जाड तारांवर, हिचा बारीक तारांवर. दोघींनी एकमेकींना न ऐकता, वेगळ्या कारणाने, गाण्याची चाल अंगठ्याला देऊन टाकली. मी हे दोन्ही लागोपाठ लावतो तेव्हा घरातले वैतागतात पण मला यातच सगळा आनंद आहे.

'फ्रेट ट्रेन' तिने ११-१२ वर्षांची असताना रचलं. मग लग्न, मूल, चर्चमधल्या लोकांनी सांगितलं असली गाणी सोड, आणि तिने गिटार खाली ठेवली ती कित्येक दशकं. मधे वॉशिंग्टनमध्ये एका दुकानात काम करत असताना एक हरवलेली मुलगी सापडली, तिला आईकडे पोचवलं, ती मुलगी म्हणजे पुढे गायिका झालेली पेगी सीगर. त्या घरात मग ही कामाला लागली, आणि ते घर म्हणजे गाण्यांचंच, भिंतीवर गिटार टांगलेली. एक दिवस ती उतरवून वाजवायला लागली आणि सगळे बघत राहिले. पेगीचा भाऊ माइक याने टेपरेकॉर्डर घेऊन तिच्याच घरी तिची गाणी घेतली, १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने रेकॉर्ड काढली, तेव्हा ती साठीच्या पुढे. ग्रॅमी मिळालं नव्वदी ओलांडल्यावर.

तिखटमीठ

सुंदर लिहिताय. पण एक विचारते, 'फ्रेट ट्रेन' तर इंग्लंडमधल्या एका बँडचं म्हणून माझ्या बाबांच्या कॅसेटवर होतं, त्यावर हिचं नाव नव्हतं. ते काय प्रकरण?

खर्जातला_गंधार

बाबांची कॅसेट भारी आहे. चास मॅकडेविट आणि नॅन्सी व्हिस्की असणार, १९५७ मध्ये तिकडे हिट झालं होतं. झालं असं की पेगी इंग्लंडला गेली आणि तिथे हे गाणं गायची, ऐकून दोन इंग्रजांनी ते स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं. सीगर कुटुंब मागे लागलं, भांडलं, तेव्हा कुठे नंतर लिबाचं नाव लागलं.

वाकडा_पाय

म्हणजे चोरीच की. आणि तुमचे ते कार्टर साहेब काय वेगळे? मी पण थोडं वाचलंय. डोंगरात फिरून लोकांची गाणी गोळा करायची आणि 'शब्द-संगीत ए. पी. कार्टर' म्हणून छापायचं. ज्याने चाली लक्षात ठेवल्या तो काळा माणूस कुठे होता रेकॉर्डवर?

खर्जातला_गंधार

हे मात्र बरोबर बोललात, आणि मला याच गोष्टीवर यायचं होतं, फक्त तुम्ही आधी पोचलात.

त्या माणसाचं नाव लेस्ली रिडल. टेनेसीतल्या किंग्सपोर्टचा, सिमेंट कारखान्यातल्या अपघातात पाय गेलेला, गिटार अफाट. १९२८ च्या सुमारास ए. पी.ची आणि त्याची ओळख झाली. ए. पी.ला चाल लक्षात राहायची नाही. मग दोघं गावोगाव फिरायचे, ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात ठेवायचा, घरी येऊन सारा-मेबेलला वाजवून दाखवायचा. एक गोरा आणि एक काळा माणूस त्या काळातल्या दक्षिणेत एकत्र हिंडतायत, कुठे एकत्र जेवायला मिळत असेल, कुठे नसेल. 'कॅननबॉल ब्लूज' हे त्याच्याकडूनच आलेलं. मेबेल त्याच्याकडून वाजवायला पण शिकली आणि ते ती मोकळेपणाने सांगायची, तिच्याकडूनच माइक सीगरला नाव कळलं आणि १९६५ मध्ये त्याने रिडलला रोचेस्टर शहरात शोधून काढलं. तोपर्यंत रिडलने वाजवणं सोडलेलं होतं. माइकने त्याच्याकडून वाजवून घेतलेलं पुढे १९९३ मध्ये अल्बम म्हणून आलं, तेव्हा रिडल हयात नव्हता.

पण नुसतं चोरी म्हणून सोडून दिलं तर यातली यंत्रणा दिसत नाही. राल्फ पिअर गाणाऱ्याला एका गाण्याचे ५० डॉलर द्यायचा आणि वर रॉयल्टीचा छोटा हिस्सा, त्या काळात हे दिलदारपणाचं वाटायचं. पण गाण्याचे हक्क जायचे पिअरच्या प्रकाशन कंपनीकडे. आता हक्क नोंदवायचे तर गाणं आधी कोणी नोंदवलेलं नको. म्हणून त्याला 'नवी' गाणी हवी असायची, किंवा जुनी पण नवी म्हणून खपतील अशी. ए. पी. त्यासाठी हिंडत होता. जे गाणं शंभर वर्षं कोणाचंच नव्हतं ते एका सहीने कोणाचं तरी झालं. जात्यावरच्या ओव्यांना कोणी मालक चिकटवला असता तर काय झालं असतं, तसं.

आणि तरीही, प्रामाणिकपणे सांगतो, ए. पी. फिरला नसता तर यातली बरीच गाणी आज आपल्यापर्यंत आलीच नसती. मला दोन्ही एकदम खरं वाटतं आणि ते तसंच राहू द्यावं असंही वाटतं.

तिखटमीठ

पोचलं. पण "गाणी टिकली ना" हे कायम ज्याचं नाव छापलं गेलं त्याच्या बाजूचे लोक म्हणतात, तेवढंच.

टिकटिक_पोपट

+१ तिखटमीठ. लेडबेली या काळ्या गायकाचं बघा. लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात असताना १९३३ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या लोमॅक्स बापलेकांनी त्याला रेकॉर्ड केलं, बारा तारांची गिटार, आवाज असा की भिंत हलेल. 'गुडनाइट आयरीन' हे त्याचं गाणं. तो डिसेंबर १९४९ मध्ये गेला आणि काही महिन्यांत वीव्हर्स या बँडने तेच गाणं गाऊन १९५० मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरला नेलं. त्याच्या हयातीत कधीच नाही.

आणि जे लोक म्हणतात बॅन्जो म्हणजे गोऱ्या डोंगरी लोकांचं वाद्य, त्यांनी रिअॅनन गिडन्स ही काळी बॅन्जोवाली गायिका ऐकावी. ही पण आमच्या ग्रीन्सबरोची. बॅन्जो मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं, भोपळ्यावर कातडं ताणलेलं. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्यांची गाणी एका कॅटलॉगमध्ये आणि गोऱ्यांची दुसऱ्यात विकायला सुरुवात केली आणि काळ्या फिडलवाल्यांना, बॅन्जोवाल्यांना कोणी विचारेना. रिअॅनन आणि तिचे मित्र मेबन गावी जो थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्या फिडलरकडे जाऊन बसायचे, दर गुरुवारी, अगदी गुरूकडे बसतात तसं, नोटेशन वगैरे काही नाही, तो वाजवणार आणि यांनी मागून वाजवायचं. त्यातून कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला, २०१० च्या अल्बमला ग्रॅमी, आणि २०२३ मध्ये तिच्या ऑपेराला पुलित्झर. बियॉन्सेच्या 'टेक्सस होल्डेम'च्या सुरुवातीचा बॅन्जो ऐकलाय ना सगळ्यांनी? तीच ती.

संत्राबर्फी

अरे वा, तो बॅन्जो तिचा होय!

बरं आता माझा प्राइन. जॉन प्राइन शिकागोजवळ मेवूडला पोस्टमन होता, खरा, घरोघर पत्र टाकणारा, आणि टपाल वाटताना डोक्यात गाणी रचायचा. १९७१ च्या पहिल्याच अल्बमवर 'सॅम स्टोन', 'हेलो इन देअर', 'एंजल फ्रॉम मॉन्टगमरी', 'पॅरडाइज' ही चारही आहेत. विशी-पंचविशीतल्या पोराने एवढं सगळं एकदम कसं लिहिलं असेल हा प्रश्न मला अजून पडतो. 'सॅम स्टोन' म्हणजे व्हिएतनामहून व्यसन घेऊन परतलेला बाप, आणि ध्रुवपद त्याच्या पोराच्या नजरेतून. प्राइन स्वतः पण सैन्यात होता, पण त्याला जर्मनीत पाठवलं होतं. 'हेलो इन देअर' मी म्हाताऱ्या लोकांसमोर लावत नाही, नाही लावू शकत. मुलं लांब गेलीयत, नवराबायको घरात गप्प बसून असतात, आणि त्यात एकही शब्द मुद्दाम रडवायला टाकलेला नाही. तसं बघायला गेलं तर तो अतिशय विनोदी माणूस, पुढच्याच गाण्यात तुम्हाला खो खो हसवणार.

'पॅरडाइज' त्याने वडिलांसाठी लिहिलं. केंटकीत मुलेनबर्ग काउंटीत ग्रीन नदीकाठी खरंच पॅरडाइज नावाचं गाव होतं, त्याच्या आईवडिलांकडचं मूळ तिथलं. कोळशासाठी आख्खी जमीन वरून खरवडून काढली आणि गाव गेलं. गाण्यात पीबडी कंपनीचं नाव सरळ घेतलंय, आडपडदा नाही. विदर्भात कोळसापट्ट्यात ज्यांची गावं उठली त्यांना हे गाणं समजावून सांगायला लागणार नाही, माझं अर्ध माहेर वणीकडचं आहे म्हणून सांगते.

१९९८ मध्ये मानेला कॅन्सर, ऑपरेशननंतर आवाज खाली उतरला, खरखरीत झाला, आणि मला तो नंतरचा आवाजच जास्त आवडतो. २०१८ चा शेवटचा अल्बम ऐका. ७ एप्रिल २०२० ला कोविडने गेला. तेव्हा इकडे लॉकडाऊन होता, मी भांडी घासत त्याचीच गाणी लावून ठेवलेली.

लाल_डबा

प्राइन झाला, लिबा झाली, आणि लोकगायक वुडी गथ्रीचं नाव कोणीच घेतलं नाही? 'धिस लँड इज युअर लँड' सगळ्यांना माहीत असतं म्हणून ते सोडतो, 'डिपोर्टी' बद्दल लिहितो.

२८ जानेवारी १९४८, कॅलिफोर्नियात फ्रेझ्नो काउंटीत लॉस गॅटोस दरीवर विमान पडलं, ३२ माणसं गेली. त्यात २८ जण मेक्सिकन शेतमजूर, ज्यांना परत पाठवत होते. बातम्यांत विमानाच्या कर्मचाऱ्यांची आणि बरोबरच्या अधिकाऱ्याची नावं आली आणि बाकीचे नुसते 'डिपोर्टी', म्हणजे देशाबाहेर काढलेले. गथ्रीचं डोकं फिरलं आणि त्याने कविता लिहिली, त्यात मेलेल्यांना तो स्वतःच नावं देतो आणि त्यांचा निरोप घेतो. चाल त्याची नाही, ती जवळजवळ दहा वर्षांनी मार्टिन हॉफमन नावाच्या एका शिक्षकाने लावली, तोपर्यंत गथ्री हंटिंग्टनच्या आजाराने हॉस्पिटलात होता. मजुरांना फ्रेझ्नोत एकाच मोठ्या खड्ड्यात पुरलं होतं, दगडावर एकही नाव नाही, नुसतं '२८ मेक्सिकन नागरिक'. टिम हर्नांडेझ या लेखकाने कागदपत्रं चाळून, घराघरात विचारून नावं शोधली आणि २०१३ मध्ये तिथे सगळ्या २८ नावांचा दगड बसला. तिखटमीठ ताई, तुमच्या नावाच्या मुद्द्यावरूनच आठवलं.

दादर_टीटी

मंडळी, मी जुना माणूस, इंग्रजी शब्द सगळे कळत नाहीत, पण तुमच्या या गाण्यांत मागे जी घसरत जाणारी गिटार ऐकू येते ती आमच्या ओळखीची हो. आमच्या तरुणपणी गॅदरिंगला, लग्नात, सगळीकडे हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी, मांडीवर आडवी ठेवून, हातात लोखंडी बार. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या तबकड्या घरोघर. तिकडे पण तीच का?

खर्जातला_गंधार

काका, तीच! मूळ हवाई बेटांवरचं, जोसेफ केकुकुने ही पद्धत लोकप्रिय केली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर सगळ्या अमेरिकेला तिचं वेड लागलं. ब्रिस्टलला त्याच आठवड्यात रेकॉर्ड केलेला दुसरा मोठा माणूस म्हणजे जिमी रॉजर्स, त्याच्या १९२९ च्या काही रेकॉर्डवर जो काइपो नावाचा हवाईयनच वाजवतोय. आणि आपल्याकडे ताऊ मो नावाचा हवाईयन कलाकार १९४० च्या दशकात कलकत्त्याला राहून वाजवायचा, शिकवायचा. म्हणजे एकाच बेटावरून निघालेला सूर एकीकडे नॅशव्हिलला गेला आणि दुसरीकडे तुमच्या गॅदरिंगला. पुढे मोहनवीणेवाले विश्वमोहन भट्ट आणि तशीच घसरती गिटार वाजवणारा अमेरिकन राय कूडर कॅलिफोर्नियात एका चर्चमध्ये समोरासमोर बसले, आधीची धड ओळखही नव्हती, आणि 'अ मीटिंग बाय द रिव्हर' झाला, १९९४ चं ग्रॅमी. तो रात्री शांतपणे ऐका, शब्द नाहीतच त्यात.

वाकडा_पाय

लेस्ली रिडल ऐकला. हा वाजवतो. कार्टरांपेक्षा मला हाच आवडला. नाकातलं गाणं अजूनही सहन होत नाही, आधीच सांगून ठेवतो, गिलियन वेल्च वगैरे सुचवू नका.

टिकटिक_पोपट

गिलियन वेल्च नाकात गात नाही हो!! आणि तिच्याबरोबर वाजवणाऱ्या डेव्हिड रॉलिंग्जची ती १९३५ ची छोटी एपिफोन गिटार ऐकल्याशिवाय तुम्हाला या धाग्यावरून हलता येणार नाही. 'टाइम (द रेव्हलेटर)' हा अल्बम, २००१. जा.

तिखटमीठ

एक कामाचं विचारू का, गंधारदादा? माझी लेक डावखुरी आहे, नऊ वर्षांची, गिटार मागतेय. लिबासारखी उलटी धरून शिकू दे का?

खर्जातला_गंधार

नको, ताई. लिबाला दुसरा मार्ग नव्हता म्हणून तिने तो काढला. उलट्या गिटारवर शिकवणारा मास्तर मिळणं कठीण, आणि कॉर्डचे सगळे तक्ते तिला मनात उलटे करावे लागतील. आधी तिच्या हातात साधी उजवी देऊन बघा, बरीच डावखुरी मुलं तशीच निवांत शिकतात, डावा हातच तर जास्त काम करतो. नाहीच जमलं तर डावी गिटार घ्या, पण दुकानदार म्हणाला "याच गिटारच्या तारा उलट लावून देतो" तर लगेच हो म्हणू नका. वरचा नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, पण बदलावा लागतो, खाचांची रुंदी प्रत्येक तारेला वेगळी असते. जाड तार बारीक खाचेत बसत नाही आणि बारीक तार मोठ्या खाचेत खुळखुळते. खालच्या ब्रिजवरची पट्टी तिरकी असते, तीही बघून घ्यायला सांगा, नाहीतर वरच्या पडद्यांवर बेसूर वाजेल. आणि पहिलं वर्ष नायलॉनच्या तारांची घ्या, बोटं सोलली की मुलं दुसऱ्या आठवड्यात गिटार कपाटावर टाकतात.